दिलेला गोल परत का घेत नाहीत?

एका शाळेच्या फुटबॉल संघाला शिकवणाऱ्या सरांनी विचारलं आहे: "दोह्यात रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने भारतावर गोल केला आणि रेफरीने तो दिला. चूक सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिली. मग सामना पुन्हा का खेळवत नाहीत? हाताने गोल करून गप्प राहणाऱ्या खेळाडूला फसवा म्हणायचं, की तो खेळाचाच भाग समजायचा? आणि आम्ही मुलांना काय सांगायचं?"

मी मुंबई-कोल्हापूरच्या मैदानांवर बरीच वर्षं रेफरी होतो, आता नव्या रेफरींचे वर्ग घेतो. हे तिन्ही प्रश्न मला दर मोसमात कुणीतरी विचारतं, आणि बहुतेकदा विचारणाऱ्याच्या मनात राग असतो. राग योग्यच आहे. पण तो बहुधा चुकीच्या जागी जातो, म्हणून आधी नियम काय आहे ते सांगतो.

चुकीचा दिलेला गोल परत घेता येतो. मात्र त्याला मुदत आहे: मैदानाच्या मध्यावरून किक-ऑफ होऊन खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत. नियम क्रमांक ५ सांगतो की गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, यासकट खेळातल्या घटनांबद्दलचा रेफरीचा निर्णय अंतिम असतो. आपण चुकलो हे रेफरीला स्वतःला उमगलं, किंवा सहकाऱ्याने दाखवून दिलं, तर तो निर्णय फिरवू शकतो. पण खेळ पुन्हा सुरू झाला असेल तर नाही. हे किती कडक आहे ते नियम ३ वरून कळतं. गोल करणाऱ्या संघाचा बारावा माणूस त्या वेळी मैदानात होता हे किक-ऑफच्या आधी लक्षात आलं तर गोल रद्द होतो. किक-ऑफनंतर लक्षात आलं तर गोल राहतो, आणि रेफरी फक्त अहवाल लिहितो.

म्हणजे चेंडू जाळीत गेल्यापासून मध्यावरून पुन्हा सुटेपर्यंत जो मिनिटभर मिळतो, त्यातच सगळं काही असतं. फुटबॉलमधल्या प्रामाणिकपणाबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते या मिनिटाबद्दल आहे. रेफरी, लाइन्समन, गोल करणारा खेळाडू, दोन्ही कप्तान आणि आता पडद्यामागे बसून व्हिडिओवर निर्णय तपासणारे व्हीएआरवाले, या सगळ्यांना चूक सुधारायची संधी याच मिनिटात असते. नंतर कितीही कबुलीजबाब दिले, माफीनामे काढले, चौकशी समित्या बसवल्या, तरी धावफलकावरचा आकडा हलत नाही.

आता दोहा. ११ जून २०२४, जस्सिम बिन हमद स्टेडियम, विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतला भारताचा शेवटचा सामना. पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात कुवेतशी ०-० झाल्यावर भारताचा कप्तान सुनील छेत्री आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला होता. कतारला हरवलं असतं तर भारत पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीत गेला असता. मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या लालियानझुआला छांगटेने ३७व्या मिनिटाला गोल केला आणि ७३व्या मिनिटापर्यंत आपण १-० पुढे होतो. मग कतारची फ्री किक आली. युसूफ आयमेनचं हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूने अडवलं, चेंडू त्याच्या अंगाखालून घरंगळत पोस्टच्या बाजूने गोललाइनबाहेर गेला. कॉर्नर मिळणार असं धरून आपले खेळाडू सैल पडले. कतारच्या एका खेळाडूने तो बाहेरचा चेंडू पायाने मागे ओढला आणि आयमेनने जाळीत ढकलला. दक्षिण कोरियाचे रेफरी किम वू-सुंग यांनी लाइन्समनशी बोलून गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. ८५व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला, सामना २-१ ने गेला आणि भारत बाहेर पडला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फिफा आणि आशियाई महासंघाकडे तक्रार केली. निकाल बदलला नाही.

मलाही ते पाहताना वाईट वाटलं, आणि ते जागतिक फुटबॉलमधल्या सर्वांत ढोबळ चुकांपैकी एक आहे असं मी वर्गात नेहमी सांगतो. तरीही निकाल कायम राहिला हे बरोबर झालं, हेही सांगतो. त्याचं कारण समजून घ्यावं लागेल.

समजा, रेफरीच्या डोळ्यांनी केलेली चूक हे सामना पुन्हा खेळवायला पुरेसं कारण मानलं. मग कुठल्या चुका मोजायच्या? रेषेबाहेरचा चेंडू मोजला तर तसूभर ऑफसाइड, म्हणजे पास मिळताना बचावाच्या रेषेपुढे असणं, का नको? न दिलेली पेनल्टी का नको? चुकीचा थ्रो-इन दिला गेला आणि तिथूनच गोल झाला, तर? एकही निकाल मैदानात लागणार नाही, सगळे वकिलांच्या टेबलावर लागतील. आणि ज्या संघाकडे पैसा आणि वजन जास्त, त्याच्याच तक्रारी ऐकल्या जातील. दोह्यातल्या सामन्याबद्दल बोलताना हे विसरू नका की अशी सोय असती तर तिचा फायदा भारतापेक्षा कतारला किती तरी जास्त वेळा झाला असता.

शिवाय दारं अगदीच बंद नाहीत. डोळ्यांची चूक आणि नियमाची चूक यांत फुटबॉल फरक करतं. ३ सप्टेंबर २००५ रोजी उझबेकिस्तान आणि बहरीन यांच्यात विश्वचषक पात्रतेचा सामना होता. उझबेकिस्तानने पेनल्टीवर गोल केला, पण किक मारण्याआधीच त्यांचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात घुसला होता. अशा वेळी पेनल्टी पुन्हा घ्यायची असते. जपानी रेफरी तोशिमित्सु योशिदा यांनी बहरीनला फ्री किक दिली. इथे डोळे बरोबर होते, नियम चुकला. उझबेकिस्तानने सामना १-० जिंकला होता, तरी निकाल आपल्या नावे ३-० करून द्या अशी मागणी केली. फिफाने मागणी फेटाळली, पण सामनाच रद्द करून पुन्हा खेळवला. तो १-१ झाला, परतीचा सामना ०-० सुटला आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलाच्या जोरावर बहरीन पुढे गेलं. मूळचा १-० धरून बसले असते तर चित्र वेगळं राहिलं असतं.

दुसरं दार लबाडीचं. नोव्हेंबर २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिका-सेनेगल सामन्यात घानाचे रेफरी जोसेफ लॅम्प्टी यांनी कालिदू कुलिबालीच्या गुडघ्याला लागलेल्या चेंडूवर हँडबॉल ठरवून पेनल्टी दिली. चौकशीत निकाल मुद्दाम फिरवल्याचा ठपका बसला, लॅम्प्टी यांच्यावर आजन्म बंदी आली आणि सामना वर्षभराने पुन्हा झाला. सेनेगल २-० जिंकलं आणि विश्वचषकाला गेलं. रेफरीने विकलेला सामना हा सामनाच नव्हे, म्हणून ते दार असायलाच हवं.

जर्मनीत एकाच प्रकारच्या चुकीला दोन वेगळे न्याय मिळाले. २३ एप्रिल १९९४ रोजी बायर्न म्युनिकच्या थोमास हेल्मरचा चेंडू पोस्टच्या बाहेरून गेला, लाइन्समनने गोल सांगितला, बायर्नने न्युरेम्बर्गला २-१ हरवलं. जर्मन महासंघाने सामना पुन्हा घ्यायला लावला. न्युरेम्बर्ग ०-५ हरलं आणि मोसमाअखेर गोलफरकावर खालच्या विभागात गेलं. पुढे १८ ऑक्टोबर २०१३ रोजी लेव्हरकुसेनच्या श्टेफान कीसलिंगचं हेडर हॉफेनहाइमच्या गोलच्या बाजूच्या जाळीला पडलेल्या भोकातून आत शिरलं. रेफरी फेलिक्स ब्रिश यांनी गोल दिला. या वेळी महासंघाच्या न्यायमंडळाने पुन्हा सामना नाकारला: रेफरीने पाहिलं, ठरवलं, ते घटनेबद्दलचं मत होतं, म्हणून अंतिम. कितीही कडू लागलं तरी दुसरा निकाल मला पटतो. १९९४ चा निवाडा मनाला बरा वाटतो, पण त्यामागे असा कुठलाही आधार नव्हता जो पुढच्या चुकीला नाकारता आला असता.

कीसलिंगच्या त्या गोलाचं खरं उत्तर न्यायमंडळाकडे नव्हतं, सामन्याआधीच्या दहा मिनिटांत होतं. जाळी तपासणं हे रेफरी मंडळींचं काम आहे. नव्या मुलांना मी गोलच्या मागून, बाजूने, खाली वाकून हाताने जाळी ओढून बघायला लावतो. खुंट्या पक्क्या आहेत का, बाजूच्या पोस्टशी बांधलेली दोरी सुटली आहे का, चेंडू जाईल एवढं भोक कुठे आहे का. आपल्याकडच्या मैदानांवर तर जाळी जुनी असते, पावसाने कुजलेली असते, कुणीतरी सुतळीने गाठी मारून वेळ निभावलेली असते. तरुण रेफरींना हे काम कमीपणाचं वाटतं. ते लांबून नजर टाकतात आणि नाणेफेकीला जातात. सुतळीची एक गाठ मारायची राहिली तर पुढे काय होतं ते हॉफेनहाइमला विचारा.

रेफरी इतकी उघड गोष्ट कशी चुकवतो, असं लोक विचारतात. टीव्हीवर आठ कोनांतून, थांबवून थांबवून पाहिलेली गोष्ट मैदानात एकदाच, एकाच कोनातून आणि धावत असताना दिसते. गोललाइन १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नसते, चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर. गोल व्हायला अख्खा चेंडू अख्खी रेषा ओलांडून गेला पाहिजे. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळपास २८ मीटर कापतो. असा चेंडू आडव्या खांबाला लागून रेषेमागे टप्पा घेऊन बाहेर येतो तेव्हा पापणी लवण्याइतकाही वेळ मिळत नाही. आणि लाइन्समन गोललाइनवर उभा नसतो. तो बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत असतो, कारण ऑफसाइड तिथूनच दिसतं. लांबून मारलेल्या फटक्याच्या वेळी तो गोललाइनपासून बराच दूर असतो.

२७ जून २०१० रोजी ब्लूमफाँटेनला इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डचा चेंडू बारला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला, बाहेर आला आणि उरुग्वेचे रेफरी होर्हे लारियोंदा यांनी खेळ चालू ठेवला. तेव्हा जर्मनी २-१ पुढे होती, पुढे ४-१ झालं. त्याच संध्याकाळी जोहान्सबर्गमध्ये अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने मेक्सिकोविरुद्ध स्पष्ट ऑफसाइड असताना गोल केला. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर तो पुन्हा दाखवला गेला. मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवत होते. इटलीचे रेफरी रोबेर्तो रोझेत्ती लाइन्समनजवळ जाऊन बोलले, आणि गोल दिला. तेव्हाच्या नियमांत पडद्यावरचं पाहून निर्णय बदलायला परवानगी नव्हती. मैदानावरच्या सगळ्यांना सत्य ठाऊक, मुदत अजून संपलेली नाही, तरी रेफरीचे हात बांधलेले. माझ्या पिढीच्या रेफरींना तो क्षण फार लागला. त्या दोन सामन्यांनंतर फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी इंग्लंड आणि मेक्सिकोची माफी मागितली, आणि ५ जुलै २०१२ रोजी गोललाइन तंत्रज्ञानाला मंजुरी मिळाली.

याउलट चूकही घडते. २० सप्टेंबर २००८ रोजी वॉटफर्ड-रेडिंग सामन्यात चेंडू पोस्टच्या बाहेरून गोललाइनपार गेला होता, पोस्टच्या आतून नाही. लाइन्समनने गोल झाल्याचं सांगितलं. रेफरी स्टुअर्ट अटवेल अवघे २५ वर्षांचे होते, त्यांनी गोल दिला. रेडिंगच्या खेळाडूंनी तर गोल मागितलाही नव्हता. आपण रेफरींना पहिल्या दिवशी शिकवतो: जे दिसलं नाही ते द्यायचं नाही. लाइन्समन खात्रीने सांगत असेल आणि तुम्हाला दिसलं नसेल, तर आजूबाजूला बघा. गोल करणारे हात वर करून पळत आहेत का? गोलकीपर खाली मान घालून चेंडू जाळीतून काढतोय का? तो गोल-किकसाठी चेंडू ठेवत असेल आणि विरोधी संघही परत फिरला असेल, तर थांबा आणि पुन्हा विचारा. किक-ऑफ व्हायचा आहे, वेळ आहे.

लाइन्समनच्या हालचालीत अर्थ असतो तो प्रेक्षकांना फारसा माहीत नसतो. गोल नक्की असेल तर रेफरीशी नजरानजर करून तो मधल्या रेषेकडे निघतो. काही शंका असेल तर जागेवर उभा राहतो. तो उभा आहे असं दिसलं की रेफरीने जाऊन बोललंच पाहिजे. २२ जून १९८६ ला अझ्टेका स्टेडियमवर मॅराडोनाने पीटर शिल्टनच्या डोक्यावरून हाताने चेंडू ढकलला, तेव्हा ट्युनिशियाचे रेफरी अली बेननासूर यांनी लाइन्समनकडे पाहिलं. बल्गेरियाचे बोग्दान दोचेव मधल्या रेषेकडे निघाले होते, म्हणून आपण गोल दिला असं बेननासूर यांनी पुढे सांगितलं. नंतर दोघं एकमेकांवर जबाबदारी ढकलत राहिले. प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने पाहिलं असेल. आजही माझ्या वर्गात याच दुखण्यावर सर्वांत जास्त वेळ जातो.

यंत्रांनी यातला मोठा भाग सोडवला. गोललाइन तंत्रज्ञानात प्रत्येक गोलवर सात कॅमेरे असतात आणि सेकंदाच्या आत रेफरीच्या घड्याळात खूण येते. पण १७ जून २०२० रोजी अॅस्टन व्हिलाचा गोलकीपर ऑर्यान नायलँड शेफील्ड युनायटेडविरुद्ध चेंडू घेऊन सरळ रेषेमागे गेला आणि घड्याळ वाजलंच नाही. खेळाडूंच्या अंगांमुळे सातही कॅमेऱ्यांची दृष्टी अडली होती, असं कंपनीने कबूल केलं. सामना ०-० सुटला. मोसमाअखेर व्हिला ३५ गुणांवर वाचलं, ३४ गुणांचे बोर्नमथ आणि वॉटफर्ड खाली गेले.

व्हीएआरचं उदाहरण तर थेट या मुदतीचंच आहे. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम-लिव्हरपूल, गोल ०-०. लिव्हरपूलच्या लुईस दियासचा गोल लाइन्समनने ऑफसाइड धरून नाकारला. व्हीएआर कक्षातल्या अधिकाऱ्याने चित्र तपासलं, दियास ऑफसाइड नाही हे बरोबर ओळखलं. पण मैदानावर गोल दिलेला आहे अशी त्याची समजूत झाली होती, म्हणून त्याने 'तपास पूर्ण' एवढंच कळवलं. मैदानावरच्या रेफरीने फ्री किक घ्यायला लावली. काही सेकंदांत रिप्ले चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या लक्षात आलं, त्याने सांगितलं. उत्तर आलं की आता काहीच करता येणार नाही. खेळ सुरू झाला होता. त्या संभाषणाची ध्वनिफीत नंतर जाहीर केली गेली. ती मी विद्यार्थ्यांना ऐकवतो. तंत्र अचूक होतं, रेषा अचूक होत्या, मैदानावर काय निर्णय झाला आहे हे स्पष्ट शब्दांत बोलायचं तेवढं राहिलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खेळाडूचा.

१८ नोव्हेंबर २००९, पॅरिसजवळचं स्ताद द फ्रान्स. विश्वचषकाला कोण जाणार हे ठरवणारा फ्रान्स-आयर्लंड सामना, अतिरिक्त वेळ, १०३वं मिनिट. फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने बाहेर चाललेला चेंडू हाताने अडवला, हातानेच पुन्हा खाली दाबला आणि विल्यम गालासला दिला. गालासने हेडरने गोल केला. आयर्लंडचे खेळाडू स्वीडनचे रेफरी मार्टिन हान्सन यांच्याभोवती हात दाखवत जमले. हान्सन यांना तो क्षण दिसला नव्हता, लाइन्समनलाही नाही. दोघांनी जे दिसलं नाही ते द्यायचं नाही हा नियम पाळला. ऑन्री त्या मिनिटात आनंद साजरा करत होता. सामना संपल्यावर आयर्लंडच्या रिचर्ड डनशेजारी तो मैदानावर बसला, पत्रकारांना म्हणाला की हाताला लागला खरा, पण मी रेफरी नाही. दोन दिवसांनी म्हणाला, सामना पुन्हा खेळवणं सर्वांत न्याय्य ठरेल. तोपर्यंत फिफाने नकार दिलेला होता. फिफाने नंतर आयरिश संघटनेला ५० लाख युरो दिले होते, हे २०१५ मध्ये बाहेर आलं. संघटनेचे प्रमुख म्हणाले की ते दावा टाळण्यासाठी होते, फिफा म्हणाली की मैदान बांधायला दिलेलं कर्ज होतं.

ऑन्री महान खेळाडू आहे आणि तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच्या बोलण्यातल्या खरेपणाला किंमत होती ती त्या मिनिटातच. नंतरच्या कबुलीने आयर्लंडला काही मिळालं नाही.

मिरोस्लाव्ह क्लोजेने ते त्या मिनिटात केलं. २६ सप्टेंबर २०१२, नापोलीविरुद्ध लाझिओकडून खेळताना, सामना जेमतेम सुरू होऊन ०-० असताना कॉर्नरवरून आलेला चेंडू त्याच्या हाताला लागून गोलमध्ये गेला. गोल दिला गेला. नापोलीचे खेळाडू धावून आले, तेव्हा क्लोजेने रेफरी लुका बांती यांना सांगितलं की हाताला लागला. गोल रद्द झाला, बांती यांनी त्याचा हात हातात घेतला. लाझिओ तो सामना ०-३ हरलं. क्लोजेने २००५ मध्ये वेर्डर ब्रेमनकडून खेळतानाही आपल्याला मिळालेली पेनल्टी चुकीची आहे असं रेफरीला सांगितलं होतं. तो सवयीने खरा होता.

खेळाडूने सांगितलं म्हणून रेफरीवर निर्णय फिरवायचं बंधन नाही, हेही लक्षात ठेवा. २४ मार्च १९९७ ला हायबरीवर आर्सेनलच्या डेव्हिड सीमनला ओलांडताना पडलेला लिव्हरपूलचा रॉबी फाउलर उठून हात हलवत होता, मला त्याने पाडलं नाही. रेफरी जेराल्ड अॅशबी यांनी पेनल्टी कायम ठेवली. फाउलरची किक सीमनने अडवली, परतलेल्या चेंडूवर जेसन मॅकअटियरने गोल केला. फाउलरवर काही जण अजून शंका घेतात की त्याने मुद्दाम हळू मारली का. मला तो वाद नको वाटतो. त्याने वेळेत सांगितलं, त्याचं काम तिथे संपलं.

हाताने गोल अडवणं आणि हाताने गोल करणं यांत लोक फरक करत नाहीत, मी करतो. २ जुलै २०१० ला जोहान्सबर्गमध्ये उरुग्वेच्या लुईस सुआरेझने घानाचा शेवटच्या मिनिटातला गोल दोन्ही हातांनी अडवला. आफ्रिकेच्या पहिल्या उपांत्य फेरीचं स्वप्न त्या हातांनी अडवलं म्हणून तो खलनायक ठरला. पण त्याने ते रेफरीसमोर उघड केलं. लाल कार्ड मिळालं, घानाला पेनल्टी मिळाली, असामोआ ग्यानची किक बारला लागली. त्याला खिलाडूपणा कुणी म्हणू नये, तरी रेफरीला फसवलेलं नाही आणि नियमाने सांगितलेली किंमत जागेवर मोजली गेली. माझी कसोटी ही आहे: गुन्हा लपवून त्यातून फायदा घेतला का? ऑन्रीने घेतला. खोटं पडून पेनल्टी मिळवणारा रोज घेतो. २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तानच्या खेळाडूने मारलेला चेंडू मांडीला लागला असताना चेहरा धरून कोसळणाऱ्या रिव्हाल्दोने घेतला. समोरच्याला लाल कार्ड मिळालं, रिव्हाल्दोला फक्त दंड झाला.

खोटं पडण्याबद्दल पिवळं कार्ड आहे, पण ते पकडलं गेलं तरच. म्हणून इंग्लंडने २०१७ पासून रेफरीला यशस्वीपणे फसवून पेनल्टी मिळवणाऱ्या किंवा समोरच्याला बाहेर काढायला लावणाऱ्याला नंतर दोन सामन्यांची बंदी घालायला सुरुवात केली. एव्हर्टनचा ओमर नियास त्यात प्रीमियर लीगमधला पहिला सापडला. ही व्यवस्था मला आवडते. ती निकालाला हात लावत नाही, माणसाला लावते.

एका सामन्यात या सगळ्याचे दोन्ही रंग दिसले, त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. २८ एप्रिल २०१९, लीड्स युनायटेड-अॅस्टन व्हिला. व्हिलाचा जोनाथन कोजिया जखमी होऊन पडला होता, चेंडू बाहेर मारला जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. लीड्सने हल्ला चालू ठेवला आणि माटेउश क्लिखने गोल केला. नियमाने त्यात काहीच चूक नव्हती. जखमी खेळाडूसाठी खेळ थांबवणं रेफरीचं काम आहे, विरोधी संघाचं बंधन नाही. मैदानावर बाचाबाची पेटली. त्या गोंधळात लीड्सचा पॅट्रिक बॅमफर्ड चेहऱ्यावर मार बसल्यासारखा पडला आणि व्हिलाच्या अन्वर एल गाझीला लाल कार्ड मिळालं. एवढ्यात लीड्सचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी आपल्या खेळाडूंना ओरडून सांगितलं, गोल परत द्या. किक-ऑफनंतर लीड्सचा संघ उभा राहिला, व्हिलाचा अल्बर्ट अॅडोमा चेंडू घेऊन गोलमध्ये गेला. फक्त पाँटस यान्सनने त्याला अडवायचा प्रयत्न केला, आज्ञा त्याला पटली नव्हती. सामना १-१ सुटला आणि शेफील्ड युनायटेडची प्रीमियर लीगमधली जागा पक्की झाली. बिएल्सा यांना त्या वर्षीचा फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला. एल गाझीचं लाल कार्ड रद्द झालं आणि बॅमफर्डवर फसवणुकीबद्दल दोन सामन्यांची बंदी आली. एकच संघ, तीच काही मिनिटं.

यावरून मला दिसतं ते असं की खिलाडूपणा क्लबच्या किंवा देशाच्या रक्तात वगैरे नसतो. त्या मिनिटात कुणीतरी एक माणूस ठरवतो. बिएल्सा यांनी तर मुदत टळल्यावरही नियमात राहूनच भरपाईची वाट काढली. फेब्रुवारी १९९९ मध्ये आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन व्हेंगर यांनीही काढली होती. जखमी खेळाडूसाठी शेफील्ड युनायटेडने बाहेर मारलेला चेंडू परत द्यायचा, तर नवख्या कानूने तो पुढे नेला आणि ओव्हरमार्सने गोल केला. व्हेंगर यांनी लगेच सामना पुन्हा खेळायची तयारी दाखवली, इंग्लिश संघटनेने मान्य केलं. पुन्हा खेळूनही आर्सेनल २-१ जिंकलं.

आपल्याकडे ज्याला फसवणूक म्हटलं गेलं पण जी फसवणूक नव्हती, तेही सांगायला हवं. ३ मार्च २०२३, बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना. अतिरिक्त वेळेत केरला ब्लास्टर्सचा गोलकीपर भिंत लावत असताना सुनील छेत्रीने फ्री किक पटकन मारली, गोल झाला, रेफरी क्रिस्टल जॉन यांनी दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला. महासंघाने क्लबला ४ कोटींचा दंड केला, प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी घातली. पटकन फ्री किक मारणं हा नियमाने दिलेला हक्क आहे. रेफरीने शिट्टीची वाट बघायला सांगितलेलं असेल तरच थांबावं लागतं. रेफरीने थांबवलं होतं की नाही यावर वाद घालता येईल, आणि अशा वेळी रेफरीने शिट्टी दाखवून सर्वांना कळेल असं सांगावं हे माझं मत आहे. पण छेत्रीने काही लपवलं नाही. मैदान सोडणं मात्र कुठल्याही निर्णयाला उत्तर होऊ शकत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न, मुलांना काय सांगायचं.

पहिलं म्हणजे शिट्टी होईपर्यंत खेळायला शिकवा. दोह्यात आपले खेळाडू थांबले. चेंडू बाहेर गेला होता हे खरं, पण ते ठरवायचं काम त्यांचं नव्हतं. हात वर करून उभा राहणारा बचावपटू मला प्रत्येक वयोगटात दिसतो.

दुसरं, कप्तानाला त्या मिनिटाचा उपयोग शिकवा. अकरा जणांनी रेफरीला घेरलं की रेफरी ऐकणं बंद करतो, त्याला फक्त स्वतःला वाचवायचं असतं. एकट्या कप्तानाने जवळ जाऊन शांतपणे म्हणावं, "सर, एकदा लाइन्समनला विचारा, चेंडू बाहेर होता." बाकीच्यांनी किक-ऑफची घाई करू नये, आणि चेंडू लपवून पिवळं कार्डही ओढवून घेऊ नये. रेफरी विचारत असेल तर त्याला वेळ मिळू द्या.

तिसरं, तुमच्याच मुलाच्या हाताला चेंडू लागून गोल झाला तर काय. २०१९ पासून नियम सोपा आहे: गोल करणाऱ्याच्या हाताला लागून चेंडू थेट आत गेला तर चुकून लागला असला तरी गोल नाही. तेव्हा त्याने सांगितलं तर तो आपल्या संघाचा हक्क सोडत नाही, जो गोल नियमाने नव्हताच तो नाकारतो. हे त्याला आधीच समजावून ठेवा, सामन्याच्या दिवशी नाही. पंधरा वर्षांचा मुलगा जाळीतला चेंडू, उड्या मारणारे मित्र आणि ओरडणारे पालक यांच्या मध्ये उभा असताना ठरवू शकत नाही. त्याने सांगितलं आणि तुम्ही हरलात, तर ड्रेसिंग रूममध्ये तुम्ही त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलता यावर पुढचा मुलगा बोलेल की गप्प बसेल हे ठरतं. मी असे प्रशिक्षक पाहिले आहेत ज्यांनी त्या मुलाला पुढच्या सामन्यात बाकावर बसवलं. त्यानंतर त्या संघातल्या कुणीही रेफरीला काही सांगितलं नाही.

आणि जाळी तुम्हीही तपासा. घरचं मैदान तुमचं असेल तर आदल्या संध्याकाळीच तपासा, सुतळी सोबत ठेवा.